आगोटीची बेगमी आणि पाठीवरची पिशवी

वाचकाचे पत्र : आमचे घर चिपळूणला बाजारपेठेच्या मागच्या बाजूस, तळमजल्यावर आहे. जुलै २०२१ च्या पुरात आम्ही शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर दोन रात्री काढल्या. घाईत हाताला लागले ते मी उचलले होते. वर जाऊन पाहिले तेव्हा जवळ पाच किलो तांदूळ, तुरीची डाळ, पापडांचा डबा, लोणच्याची बरणी आणि फरसाणाची दोन पाकिटे एवढेच होते. शेजाऱ्यांच्या शेगडीला दुसऱ्या दिवशी गॅस उरला नाही आणि फरसाण खाऊन तहानेने मुलगा रडकुंडीला आला. आता घरात आम्ही सहा जण आहोत. मी, यजमान, चोवीस वर्षांचे दीर, अकरा वर्षांचा मुलगा, सोळा महिन्यांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे आणि कवळी आहे. यंदा मृगाच्या आधी खाण्याची एक पिशवी तयार ठेवावी असे माझ्या मनात आहे. सासूबाई म्हणतात, आगोटीची एवढी बेगमी घरात असताना हे नवे खूळ कशाला? पिशवीत काय भरावे, किती भरावे आणि ती कुठे ठेवावी, हे सविस्तर सांगावे.

ताई, सप्रेम नमस्कार.

सासूबाईंपासूनच सुरुवात करते, कारण त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पावसाळ्याआधी डाळी-तांदूळ, तिखट-मीठ, सोडे-सुकट, पापड-लोणची भरून ठेवण्याची कोकणातली रीत अतिशय शहाणपणाची आहे आणि चार दिवस पाऊस लागून बाजार बंद झाला तर तीच घराला तारते. मात्र त्या सगळ्या बेगमीमागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे घर जागेवर राहील, चूल पेटेल आणि पाणवठा हाताशी असेल. वाशिष्ठीचे आणि शिवनदीचे पाणी जेव्हा उंबरा ओलांडून आत येते, तेव्हा सर्वांत आधी जाते ते स्वयंपाकघर आणि त्यातले तळाशी ठेवलेले मोठे डबे. म्हणजे जिच्या भरवशावर आपण असतो ती बेगमीच पाण्याखाली असते आणि आपण दुसऱ्याच्या जिन्यावर. तुम्ही मागता आहात ती पिशवी ही त्या बेगमीचा माणसाबरोबर निघणारा लहानसा वाटा आहे, असे सासूबाईंना सांगून पाहा.

या वाट्यात काय बसते आणि काय बसत नाही, हे ठरवायला मी दोनच कसोट्या लावते. पहिली, हा पदार्थ विस्तव न लावता, जसा आहे तसा तोंडात घालता येतो का? आणि दुसरी, तो पाठीवर घेऊन, दोन्ही हात मोकळे ठेवून, अंधारात जिना चढता येतो का? तुम्ही त्या रात्री उचललेल्या पाच वस्तूंना या कसोट्या लावून पाहा. तांदूळ, डाळ आणि पापड पहिल्याच कसोटीला बाद होतात. लोणचे आणि फरसाण विस्तव मागत नाहीत, पण त्यांतले मीठ जे पाणी मागते ते तुमच्याजवळ नव्हते. यात तुमची चूक काढण्याचा हेतू नाही. घाईच्या वेळी बाईमाणसाचा हात रोजच्या सवयीने तांदळाच्या डब्याकडेच जातो, आणि नेमके म्हणूनच हा निर्णय उन्हाळ्यात, शांत डोक्याने घेऊन ठेवायचा असतो.

किती दिवसांचे भरावे, याचे माझे उत्तर तीन दिवस असे आहे. त्या जुलैमध्ये महामार्गावरचा वाशिष्ठीवरील जुना पूल खचला, रेल्वे थांबली, वीज गेली आणि बाहेरची मदत वस्तीपर्यंत पोहोचायला वेळ लागला, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे. पाणी ओसरू लागले आणि रस्ते उघडले की शिजवलेल्या अन्नाची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, सगळे येऊ लागते, किंबहुना कधी कधी नको इतके येते. आपली पिशवी आहे ती त्याआधीच्या पोकळ वेळासाठी. सात दिवसांचे भरायला गेलात तर ती जड होईल, जड झाली की कपाटातून निघणार नाही, आणि मग ती बेगमीच्याच वाटेने जाईल.

आता पाणी, कारण खाण्यापेक्षा कठीण प्रश्न पाण्याचा आहे. पिण्यासाठी आणि पीठ कालवण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर सहा जणांना तीन दिवसांचे चौपन्न लिटर होते. चौपन्न लिटर म्हणजे चौपन्न किलो, आणि ते पाठीवर नेता येत नाही. म्हणून पाण्याचे दोन भाग करावेत. बरोबर न्यायचे ते फक्त आठ लिटर : यजमान आणि दीर प्रत्येकी तीन, तुम्ही एक आणि मुलगा एक. उरलेले शेहेचाळीस लिटर आधीच वर चढवून ठेवावे, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन आणि दोन लिटरच्या तीन बाटल्या, ज्या शेजाऱ्यांकडे मागच्या वेळी आसरा घेतला त्यांच्याच माडीवर, त्यांच्या संमतीने. कॅन पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला असावा. रंगाचा, डिझेलचा किंवा औषधाचा रिकामा डबा कितीही घासला तरी या कामाला घेऊ नये. पाणी भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून लावावी, कॅन उन्हात ठेवू नये, आणि नळाचे पाणी भरले असेल तर दर पंधरा दिवसांनी ते झाडांना घालून नवे भरावे.

तरीही पाणी कमी पडले तर काय, हा प्रश्न कोकणात विचारायचा म्हणजे थोडी गंमतच आहे, कारण त्याच वेळी आभाळातून ते धो धो कोसळत असते. पुराचे पाणी कधीही, कसेही गाळून पिऊ नये. त्यात मैला, जनावरांचे मूत्र, पेट्रोल पंपाचे तेल, दुकानांतली कीटकनाशके असे काय काय मिसळलेले असते, आणि क्लोरीनने जंतू मरत असले तरी तेल आणि रसायन तिथेच राहते. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ती उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून शुद्ध करून घेईपर्यंत तिचेही तेच. त्यापेक्षा पावसाचे पाणी सरळ आभाळातून धरावे. छपराच्या पागोळीचे धरू नये, कारण कौलांवरचे शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातून येते. पिशवीत दोन मीटरचा स्वच्छ, जाड प्लास्टिकचा तुकडा घडी करून ठेवा. गच्चीत किंवा खिडकीबाहेर तो चारी कोपऱ्यांनी धरून पहिली दहा मिनिटे नुसता धुऊन जाऊ द्या, आणि मग मध्यभागी खळगा करून पातेल्यात पाणी उतरवा. ते चौपदरी सुती कापडातून गाळून त्यात मेडिक्लोरचे थेंब किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात घालावी आणि अर्धा तास थांबावे. प्यायच्या वेळी क्लोरीनचा किंचित वास येत असेल तर तो चांगला समजावा. या औषधाची मुदत संपलेली नाही ना, हे मात्र दरवर्षी पाहावे, कारण जुनी बाटली नुसत्या पाण्यासारखी होऊन बसते.

आता खाण्याकडे वळते. मदतकार्यात सरासरी माणशी दिवसाला सुमारे २,१०० किलोकॅलरी धरण्याची पद्धत आहे. आपल्या घरातल्या कोरड्या पदार्थांतून एवढी ऊर्जा साधारण अर्ध्या किलोत बसते, आणि हे मी स्वतः तराजूवर मांडून पाहिलेले आहे. सातूचे पीठ दीडशे ग्रॅम, दाणे-गुळाचे लाडू दीडशे ग्रॅम, फुटाणे शंभर ग्रॅम, बिया काढलेला खजूर पन्नास ग्रॅम आणि साधी ग्लुकोज बिस्किटे पन्नास ग्रॅम, अशी पुडी बांधली की एका माणसाचा एक दिवस निभावतो. पोट तुडुंब भरणार नाही, पण गळाठाही येणार नाही. तुमच्याकडे बाळ सोडून पाच माणसे आहेत, आणि अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाइतकेच धरावे, त्या वयाची भूक काय असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाच माणसे, तीन दिवस, म्हणजे अशा पंधरा पुड्या, साडेसात किलो. बाळाचे अर्धा किलो धरून एकूण आठ.

यातला राजा सातू आहे. तयार मिळतो, पण घरी केलेला अधिक टिकतो आणि अधिक रुचतो. गहू किंचित ओलसर करून, कांडून, कोंडा पाखडून, खमंग भाजून घ्यावेत, दोन वाट्या गव्हाला एक वाटी डाळे घ्यावे, चवीला भाजलेले जिरे आणि थोडी सुंठ घालून दळावे. दळल्यावर पीठ गरम असते. ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे, कारण गरम पीठ पिशवीत बंद केले की आत घाम सुटतो आणि आठवड्यात कुबट वास येऊ लागतो. खायच्या वेळी वाटीभर पीठ, थोडा गूळ आणि कोमट नव्हे तर साधे पाणी. बोटाने कालवले की दोन मिनिटांत गोळा होतो. ज्या पिढीने प्रवासात सातू खाल्ला तिला हे सांगावे लागत नाही, आणि मला वाटते की तुमच्या घरात हे काम सासूबाईंच्या हाती दिलेत तर खुळाचा मुद्दा आपोआप मागे पडेल.

लाडवांच्या बाबतीत थोडी सावधगिरी लागते. पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटते, दाण्याचे कूट खवट होते, चिक्की सादळून दाताला चिकटते. म्हणून दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजावेत, कूट फार बारीक करू नये, आणि लाडू मेच्या कोरड्या हवेत वळून त्याच दिवशी पिशवीत बंद करावेत. तूप घालू नये. तुपाने खुसखुशीत होतात, पण उष्ण दमट दिवसांत वास लवकर धरतात. गुळातच वळले जातात. घरी करणे जमत नसेल तर बंद वेष्टनातले राजगिऱ्याचे लाडू घ्या, ते हलके असतात आणि एकादशीलाही चालतात. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. २०२१ ची आषाढी २० जुलैला होती आणि पूर २२ तारखेला आला. उपासाच्या दिवशी पाणी आले असते तर घरातले वडीलधारे माणूस बिस्किटाला हात लावत नाही आणि आपल्याला त्या वेळी समजूत घालायला सवड नसते.

बाजारात मिळणारी, शिजवून बंद केलेली खिचडी किंवा राजमा-भात यांची पाकिटे गरम न करताही खाता येतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी अशा अन्नावर मोठे काम केलेले आहे. पण त्यांतले बरेचसे वजन पाण्याचेच असल्यामुळे किलोमागे पोट कमी भरते. घरटी दोन ठेवावीत, ओल्या भाताचा घास दुसऱ्या दिवशी जो धीर देतो त्यासाठी. झटपट नूडल्स, कपातले उपमा-पोहे मात्र ठेवू नयेत, कारण त्यांना उकळते पाणी हवे. आणि चहा! घरातल्या दोन-तीन माणसांचे डोके सकाळी चहाविना उठणारच, हे गृहीत धरून इन्स्टंट कॉफीच्या चार पुड्या टाका. ती गार पाण्यातही विरघळते. याला चैन म्हणू नये, बंद खोलीत सहा माणसे असताना कोणाचे डोके शांत राहते हेही महत्त्वाचे असते. छोटा गॅस किंवा स्पिरिटची शेगडी बरोबर न्यावी का, असे अनेक जण विचारतात. मी नको म्हणते. बंद, दमट खोलीत ज्वाळेने जो विषारी वायू साचतो तो दिसत नाही आणि त्याला वास नसतो, शिवाय तरंगलेल्या सिलिंडरांची गळती जवळपास कुठे आहे हेही कळत नाही.

आता बांधणी. बहुतेक घरांत चूक इथे होते. एक मोठी पिशवी करून तिच्यात सगळे भरले जाते आणि ती सर्वांत दणकट माणसाकडे दिली जाते. पण बोट येते तेव्हा ती आधी बायका, मुले आणि म्हातारी माणसे घेऊन जाते, आणि दणकट माणूस पिशवीसकट मागे, गच्चीत राहतो. सगळे कुटुंब एका जागी राहील, असे धरून चालूच नये. म्हणून एका पुडीत एका माणसाचा एक दिवस, आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्या ताकदीप्रमाणे पुड्या. तुमच्या घरात माणसे सहा असली तरी ओझे उचलणारे तसे तीनच आहेत, कारण बाळ तुमच्या कडेवर असणार आणि सासूबाईंचा एक हात कठड्यावर व दुसरा कोणाच्या तरी खांद्यावर असणार. यजमान आणि दीर यांच्याकडे सहा-सहा पुड्या आणि तीन-तीन लिटर पाणी द्या, म्हणजे प्रत्येकी सहा किलो झाले. मुलाच्या जुन्या दप्तरात दोन पुड्या आणि एक लिटर, तीन किलोपेक्षा जास्त नाही. तुमच्या पाठीवर एक पुडी, बाळाचे अर्धा किलो आणि एक लिटर पाणी. पंधरा पुड्या आणि आठ लिटर यात बरोबर बसतात, आणि पहिल्या बोटीतून तुम्ही, मुलगा, बाळ आणि सासूबाई गेलात तरी तुम्हा तिघांचा एक दिवस आणि बाळाचे सगळे तुमच्याजवळ राहते. हातात धरायची कापडी किंवा वायरची पिशवी नकोच. गुडघाभर वाहत्या पाण्यात हात मोकळा नसलेला माणूस पहिल्या ठेचेला खाली बसतो.

पुडीचे आतले जिन्नस झिपच्या जाड प्लास्टिक पिशव्यांत वेगवेगळे भरा, हवा दाबून काढा, आणि पाचही पिशव्या एका मोठ्या पिशवीत घालून तिचे तोंड पिळून, दुमडून, रबराने बांधा. स्टीलचा किंवा फिरकीच्या झाकणाचा डबा पाणी अडवेल असे वाटते, पण तो बुडाल्यावर झाकणाच्या आट्यातून पाणी शिरतेच. बाहेरून कोरडा दिसणारा तांदळाचा डबा पुरानंतर उघडल्यावर जी आंबूस वाफ येते ती तुमच्या ओळखीची असेल. असे भिजलेले धान्य, डाळ, पीठ मन घट्ट करून टाकून द्यावे, धुऊन वाळवून वापरू नये. यजमानांच्या पिशवीत दोन वाट्या, सहा चमचे, हलके पातेले, कात्री, साबणाची वडी, सुती कापड, वर सांगितलेला प्लास्टिकचा तुकडा आणि कचऱ्याच्या पिशव्या ठेवा. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) पाकिटे मात्र चारही पिशव्यांत दोन-दोन असू द्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यायचे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

इथे माझा स्वतःचा एक फजितीचा अनुभव सांगायला हरकत नाही. मी पहिल्यांदा अशी पिशवी भरली तेव्हा ती मोठ्या हौसेने कपाटात, रजयांच्या मागे ठेवली होती, आणि तिच्यातच कपडे धुण्याच्या साबणाची वडी टाकली होती. ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा फुटाण्यांना डांबरगोळीची आणि बिस्किटांना साबणाची चव होती. एक बिस्किट मी हट्टाने चावले आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून तो वास गेला नाही. पातळ प्लास्टिक पाणी अडवते, वास अडवत नाही. तेव्हापासून साबण वेगळ्या घट्ट डबीत, बाहेरच्या कप्प्यात, आणि पिशवी डांबरगोळ्यांपासून लांब.

बाळाचा विचार वेगळा करावा लागतो. अंगावर पाजणे चालू असेल तर ते या दिवसांत मुळीच थांबवू नका. तुमच्या पोटात अन्नपाणी नीट गेले तर बाळाचे सर्वांत सुरक्षित अन्न तेच आहे, आणि म्हणून पाणी वाटताना तुमचा वाटा मागे ठेवायचा नाही, हे यजमानांनाही सांगून ठेवा. बाटली नेऊ नये, कारण पुरात ती उकळून घेता येत नाही. वाटी-चमचा पुरतो. नाचणीचे सत्त्व शिजवावे लागते, त्यामुळे त्याऐवजी सातूचेच पीठ वस्त्रगाळ करून, थोडी साध्या दुधाची पावडर आणि साखर मिसळून तिच्या लहान-लहान पुड्या करा. चहासाठी मिळणारी डेअरी व्हाइटनर ही साखर घातलेली असते आणि ती बाळाच्या दुधाची जागा घेत नाही, पाकीट घेताना नाव वाचून घ्या. आणि एक गोष्ट मोठ्या मुलाला बजावून सांगा : बहिणीच्या हातात फुटाणा किंवा अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही. अंधारात, रडतानाच्या श्वासात तो घशात अडकला तर जवळ डॉक्टर नसतो.

सासूबाईंच्या तीन पुड्यांत फुटाण्यांऐवजी फुटाण्यांचे पीठ आणि लाडवांऐवजी दाण्याचे कूट व मेतकूट घाला, म्हणजे कवळीचा प्रश्न मिटतो आणि गुळाचाही. त्यांच्या पुड्यांवर खूण करा, आणि एक तुमच्याच पाठीवर असू द्या. मात्र मधुमेह आहे म्हणून गोड पूर्ण वगळू नका. पुरात साखर वाढण्यापेक्षा ती एकाएकी उतरण्याची भीती जास्त असते, कारण इन्सुलिन वेळेवर घेतले जाते आणि जेवण वेळेवर होत नाही. दरदरून घाम, हाताला कंप, बोलण्यात गोंधळ दिसला तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि मग सातू खायला लावावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, मदत बोलवावी. ग्लुकोजची पुडी त्यांच्या कमरेच्या पिशवीत, त्यांच्याच हाताशी असावी. वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे साध्या खोलीच्या तापमानाला टिकते, त्यामुळे फ्रीज बंद पडला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण ते बर्फाला टेकवू नये. त्यांच्या प्रकाराबद्दल आणि खाणे कमी झाल्यास मात्रा किती कमी करावी याबद्दल डॉक्टरांकडून मेमध्येच लिहून घ्या आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून पुडीला जोडा.

ठेवायची जागा म्हणजे दाराजवळची, डोक्याच्या उंचीवरची खुंटी. माळ्यावर ठेवलीत तर ती पाण्यापासून वाचेल, पण रात्री दोन वाजता शिडी कोण शोधणार? चारही पिशव्या एकाच भिंतीला, पाण्याच्या बाटल्या भरून आत घातलेल्या, अशा असाव्यात. भरायचे दिवस मेचा शेवटचा आठवडा, मृग लागायच्या आत. गणपतीच्या आधी एकदा उघडा. लाडू आणि दाण्याचे कूट काढून घरात संपवा, ताजे भरा. मुंबईची मंडळी सणाला आली की ते संपायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे. दसऱ्याला पिशव्या पूर्ण मोकळ्या करा, सातू खाऊन टाका, पिशव्यांना ऊन दाखवा आणि औषधांच्या मुदती पाहून ठेवा. वर्षभर भरलेली ठेवली की ती विसरली जाते आणि नेमक्या वेळी तिच्यात पोरकिडे निघतात.

जूनच्या पहिल्या रविवारी एक रंगीत तालीम जरूर करा. दिवे बंद करून चौघांनी पिशव्या पाठीवर घ्या, सासूबाईंना धरून शेजाऱ्यांचा दुसरा मजला चढा आणि त्या दिवशी दुपारपर्यंत पुडीतलेच खा. मुलगा खजूर शिवत नाही, दिरांच्या पिशवीचा पट्टा उसवला आहे, कात्री घरीच राहिली, अशा चार गोष्टी त्या दिवशी कळतील त्या कागदावर कधीच कळत नाहीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक मुलाकडून त्याच दिवशी पाठ करून घ्या.

राहता राहिली गोष्ट शेजाऱ्यांची. तुम्ही त्यांच्या घरात, त्यांच्या मुलांसमोर पुड्या सोडणार आहात, आणि आपल्याकडे कोणी एकट्याने खात नाही. तेव्हा कॅन ठेवायला जागा मागायला जाल तेव्हा त्यांच्याकडे माणसे किती ते विचारून घ्या, आणि त्यांच्यासाठी माणशी एक पुडी आधीच बांधून त्या कॅनच्या शेजारीच, वर ठेवून द्या. सातूचा घाणा तेवढा मोठा काढावा लागेल, हे सासूबाईंना आताच सांगून ठेवलेले बरे.